मागणे आणि वगळणे

महाभारताच्या आदिपर्वात गांधारीच्या अपत्यजन्माची कथा आहे. बहुतेक गृहस्थांना ती शंभर कौरवांच्या जन्माची कथा म्हणून ठाऊक असते. भगवान व्यासांच्या वराने गांधारी गर्भवती झाली. दोन वर्षे लोटली तरी प्रसूती होईना. इकडे कुंतीला तेजस्वी पुत्र झाल्याची वार्ता आली. दुःखाने आणि मत्सराने व्याकुळ झालेल्या गांधारीने आपल्या उदरावर आघात केला, आणि लोखंडाच्या गोळ्यासारखा कठीण मांसपिंड बाहेर पडला. ती तो टाकून देणार इतक्यात व्यास आले. त्यांनी तुपाने भरलेले कुंभ सिद्ध करविले, पिंडावर शीतल जल शिंपडविले, आणि त्याचे अंगठ्याच्या पेराएवढे भाग होऊ लागले.

याच ठिकाणी एक लहानसा प्रसंग आहे. कथा सांगणारे तो पुष्कळदा गाळतात. भाग मोजले जात असताना गांधारीच्या मनात आले की, शंभर पुत्र तर होणारच; पण त्यांच्यावर एक कन्या लाभली तर किती बरे होईल! कन्येमुळे जावई येईल, दौहित्र होतील, दौहित्रांच्या पुण्याने मिळणारे लोक पतीलाही मिळतील. ही इच्छा तिने कोणाजवळ बोलून दाखविली नाही. मोजणी संपली तेव्हा शंभर भाग होऊन एक वर उरला होता. व्यासांनी तो टाकला नाही. त्यांनी आणखी एक कुंभ मागविला, आणि त्या एकशे एकाव्या कुंभातून दुःशला जन्मास आली.

ही कथा वाचून हल्ली कित्येकांना असे सांगण्याचा मोह होतो की, आजचे ‘टेस्ट ट्यूब बेबी’चे शास्त्र आपल्या पूर्वजांना अवगत होते. या वादात गीताभ्यासी गृहस्थाने शिरू नये. व्यासांचे कुंभ ही तपोबलाची कथा आहे, वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. तिला प्रयोगशाळेची साक्षीदार करण्याने ना कथेचा मान वाढतो, ना शास्त्राचा. परंतु धर्मकथेकडून जे घ्यावयाचे ते तिच्यातून अवश्य घ्यावे. मातेच्या उदराबाहेर जीव वाढविण्याची कल्पना जेथे आली, तेथे शंभर पुत्रांची खात्री असूनही मातेने कन्या मागितली. आणि उरलेला एक भाग ‘जास्तीचा’ म्हणून कोणी फेकून दिला नाही.

आता जे इतिहासात घडले त्याकडे वळावे. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी मानवी इतिहासातील पहिले असे मूल जन्मले, ज्याचे बीज मातेच्या देहाबाहेर काचपात्रात फलित झाले होते. पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना त्यासाठी २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातील असे पहिले मूल जन्मास आले. नवरात्राच्या सुमारास आलेल्या त्या बालिकेला ‘दुर्गा’ म्हणण्यात आले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने जन्मलेल्या बालकाची नोंद सर्वत्र मान्य झाली. ओल्डहॅमचे मूल मुलगी, कोलकात्याचे मुलगी आणि मुंबईचेही मुलगीच. कोणी त्या निवडल्या नव्हत्या. मूल हवे होते, ते आले, आणि घरांत आनंद झाला.

कोलकात्याच्या त्या वैद्याची कथा येथे थोडक्यात सांगितलीच पाहिजे. त्यांच्या म्हणण्यावर विश्वास बसला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. त्यांची बदली झाली. आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. सोळा वर्षांनंतर, १९९७ साली, डॉ. आनंदकुमार यांच्या पाहण्यात त्यांची टिपणे आली. मुंबईच्या यशाचा मान ज्यांच्याकडे होता, त्याच आनंदकुमारांनी ती टिपणे तपासली आणि जाहीरपणे लिहिले की, पहिला मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे. पहिलेपणाचा मान हातात आलेला असताना तो असा परत करणे ही सोपी गोष्ट नाही. कर्मफळावरचा आपला हक्क सोडण्याचा जो उपदेश गीता दुसऱ्या अध्यायापासून करते, त्याची व्याख्या अनेक पंडितांनी केली असेल. पण या शास्त्रज्ञाने ती आचरून दाखविली. या नव्या विद्येच्या भारतातील उगमाशी हा प्रसंग आहे, हे विसरू नये. विद्या स्वतः मलीन नाही.

मग ही पद्धती धर्माला मान्य आहे काय, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. विचारणारी पुष्कळदा घरातील वृद्ध माणसे असतात, आणि त्यांच्या शंकेची थट्टा करणे योग्य नव्हे. देवाने जे गर्भात करावयाचे ठरविले ते माणसाने काचेच्या बशीत करावे, हे त्यांना उलटे वाटते. गीतेच्या चौदाव्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी याचे उत्तर आधीच देऊन ठेविले आहे. सर्व योनींमध्ये ज्या ज्या मूर्ती उत्पन्न होतात, त्यांची माता महाप्रकृती होय आणि बीज देणारा पिता परमेश्वर होय, असे ते सांगतात. त्या वचनात स्थळाची अट नाही. उदरात फलित झालेला जीव जर ईश्वराच्या बीजाचा, तर काचपात्रात फलित झालेला जीव दुसऱ्या कोणाचा असणार? वैद्य स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र ठेवतो. ते एकरूप व्हावे की न व्हावे हे त्याच्या हाती नसते. दहा-बारा दिवस इंजेक्शने घेऊन स्त्रीबीजे वाढवितात, सुईने ती बाहेर काढतात, फलित झालेल्या भ्रूणांना तीन ते पाच दिवस उबेत ठेवतात आणि मग त्यांतील एक वा दोन गर्भाशयात सोडतात. एवढे करूनही कित्येक प्रयत्न निष्फळ जातात, आणि ते का गेले याचे उत्तर मोठमोठ्या तज्ज्ञांनाही प्रत्येक वेळी देता येत नाही.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. प्रयोगशाळा हे अधिष्ठान, वैद्य व दाम्पत्य हे कर्ते, औषधे व उपकरणे ही साधने, प्रत्येक टप्प्याचे श्रम या चेष्टा. आणि जे कोणाच्याच मुठीत येत नाही ते पाचवे. ज्याने हे पाचवे कारण मानले, त्याने चार कारणांसाठी मनापासून खटपट करावी. त्यात अधर्म नाही. डोळ्यांवरील पडदा शस्त्रक्रियेने काढणे जसे ईश्वराच्या इच्छेविरुद्ध नाही, तसेच हेही. सातव्या अध्यायात धर्माला विरोध न करणारी कामना ही आपलीच विभूती असल्याचे भगवंत सांगतात. आणि संतानाची कामना ही गृहस्थाश्रमाची स्वाभाविक कामना आहे. जिला वर्षानुवर्षे ‘वांझ’ म्हणून हिणविले, मंगलकार्यात मागे उभे केले, बारशाला बोलावले नाही, अशा स्त्रीच्या डोळ्यांतील पाणी ज्याने पाहिले आहे, त्याने तरी या विद्येला सरसकट दूषण देऊ नये. आणि तो दोष पुष्कळदा पतीच्या देहात असतो, तरी इंजेक्शने पत्नीच घेत असते.

परंतु मान्य असलेल्या गोष्टीलाही मर्यादा असते. एका वेळी अनेक भ्रूण तयार होतात. सोडले जातात एक-दोन. बाकीचे गोठवून ठेवतात. भारताच्या २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवण्यास मुभा दिली आहे. या उरलेल्यांचे काय करणार, हा प्रश्न चिकित्सा सुरू होण्यापूर्वी पती-पत्नींनी एकमेकांना विचारला पाहिजे. फॉर्मवर सही करताना घाईघाईने एका चौकोनात खूण करून तो सुटत नाही. जेवढ्यांना आपले म्हणण्याची तयारी आहे तेवढेच निर्माण करावेत, असे वैद्याला सांगण्याचा अधिकार दाम्पत्याला आहे. फार थोडी दाम्पत्ये तो वापरतात. तसेच, कर्ज काढून चौथा-पाचवा प्रयत्न करावयाचा, घर गहाण टाकावयाचे, पत्नीच्या देहाची परवड करावयाची, आणि तरीही अनाथ बालकाला घरात घेण्याचा विचार क्षणभरही मनात येऊ द्यावयाचा नाही, हे संतानप्रेम आहे की हट्ट, याचाही शोध घ्यावा. कण्वांनी शकुंतलेला वाढविले तेव्हा ती आपल्या रक्ताची आहे की नाही हे त्यांनी पाहिले नव्हते.

एवढे बोलून झाल्यावर खरा प्रश्न येतो. तो काचपात्राचा नाही.

एक घर कल्पावे. कानपुरात कापडाचा चांगला चाललेला व्यापार, पति-पत्नी सुशील, घरात रोज गीतापाठ, दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक सहा. वंध्यत्वाचा येथे प्रश्नच नाही. तरी हे गृहस्थ वैद्याकडे जाऊन काचपात्राच्या मार्गाची चौकशी करतात, कारण त्यांनी ऐकले आहे की, त्या मार्गाने मुलगा ‘निश्चित’ मिळतो. ऐकले ते तंत्राच्या दृष्टीने खोटे नाही. पाच दिवसांचा भ्रूण शेदीडशे पेशींचा होतो. ज्या बाहेरील थरापासून पुढे वार बनते त्यातील चार-पाच पेशी काढून गुणसूत्रे तपासता येतात. आणि भ्रूण मुलीचा की मुलाचा हे कळते. काही गंभीर आनुवंशिक रोग टाळण्यासाठी ही तपासणी उपयोगी आहे व तेवढ्यापुरती कायद्याने मान्यही आहे. वैद्य त्या गृहस्थांना सांगतात की, मुलगी हा रोग नव्हे, आणि नुसती निवड करण्यास कायद्याची बंदी आहे. गृहस्थ घरी परततात. मग एक आप्त सांगतो की, काही परदेशांत अशी बंदी नाही. विमानाचे भाडे तेवढे जास्त पडेल. त्या रात्री जेवताना धाकटी मुलगी विचारते, “बाबा, आपल्याकडे दोन मुलं आहेत ना? मग अजून कशाला हवं?” तिला काय उत्तर द्यावे हे पित्याला सुचत नाही, आणि तो पाण्याचा पेला उचलतो.

असे गृहस्थ आपल्या कृतीच्या समर्थनार्थ जे म्हणतात ते नीट ऐकून घ्यावे, कारण त्यात गीतेचाही आधार घेतला जातो. पहिले म्हणणे असे की, यात कोणाची हत्या नाही. गर्भ पाडला नाही. केवळ एक भ्रूण सोडला आणि दुसरा सोडला नाही. आणि कोणी शास्त्रज्ञ असला तर तो दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवितो: आत्मा मारत नाही, मरत नाही, मग दोष कसला? हा उपदेश कोणाला व केव्हा केला ते पाहावे. समोर शस्त्र घेऊन उभे असलेल्या वीरांशी धर्मप्राप्त युद्ध करावयाचे असता शोकाने गळून गेलेल्या क्षत्रियाला भगवंतांनी आत्म्याची अमरता सांगितली. ज्याच्या हाती शस्त्र नाही, ज्याला डोळेही फुटलेले नाहीत, अशाला दूर सारण्याचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे. आत्मा अमर असल्याचे ज्ञान ज्याला खरोखर झाले, त्याला मुलगा-मुलगी हा भेद देहाचा आहे, आत्म्याचा नाही, हेही त्याच क्षणी कळले पाहिजे. एक अर्ध घ्यावयाचे आणि दुसरे सोडावयाचे ही ज्ञानाची रीत नव्हे. तेराव्या अध्यायात तर सांगितले आहे की, जो सर्वत्र समभावाने वसणाऱ्या ईश्वराला पाहतो तो आपणच आपली हिंसा करीत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन भ्रूण आहेत. दोन्ही निरोगी, दोन्ही त्याच मातापित्यांचे. एकात ईश्वर अधिक आहे आणि दुसऱ्यात कमी, असे म्हणण्यास कोणता श्लोक आधार देईल?

हत्या झाली की नाही याचा वाद शास्त्री आणि वैद्य घालोत. येथे जो दोष आहे तो हत्येच्याही अलीकडचा आहे. अपत्य मागणाऱ्याचे हात पसरलेले असतात. जे पडेल ते घेण्यासाठी ते पसरलेले असतात. निवडणाऱ्याचा एक हात घेण्यासाठी असतो आणि दुसरा परत करण्यासाठी. बाजारात ही रीत योग्य आहे. कापड पसंत पडले नाही तर ठाण परत करावे. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या माणसाचे मनोगत सांगितले आहे: आज मी हे मिळविले, उद्या तो मनोरथ पुरा करीन, एवढे धन माझे आहे, तेवढेही होईल. त्या मनोगतात पाचव्या कारणाला, दैवाला, जागाच नाही. तपासणी करून मुलगा निवडणे म्हणजे त्या पाचव्याला दाराबाहेर उभे करणे.

दुसरे म्हणणे पिंडाचे. पुत्र नसेल तर पितरांना पाणी कोण देणार? हे म्हणणे जुने आहे, आणि ते आपल्याच ग्रंथांतून आले आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पुंसवन संस्कार पुत्रासाठीच होता. पुन्नाम नरकाची व्युत्पत्ती स्मृतींत आहे. परंतु त्याच परंपरेत बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटच्या अध्यायात, पंडित आणि पूर्णायुषी कन्या व्हावी अशी इच्छा असणाऱ्या दाम्पत्याने तीळ घालून भात शिजवून खावा असा विधी सांगितला आहे. (भाष्यकारांनी त्या कन्येचे पांडित्य गृहकृत्यापुरते मर्यादित केले, हे त्यांच्या काळाचे मत, उपनिषदात तशी मर्यादा नाही.) मनुस्मृतीत कन्येला पुत्राच्या बरोबरीची म्हटले आहे, आणि श्राद्धात पवित्र मानलेल्या तीन गोष्टींत दौहित्राची गणना केली आहे. शिवाय संस्कार आणि तपासणी यांत एक अंतर आहे. पुंसवन करणारा पुत्र मागत असे. मुलगी झाली तर तिचे बारसे होत असे. देवाजवळ मागितले आणि दुसरेच मिळाले, तर ते प्रसाद म्हणून घेण्याची वाट उघडी होती.

मद्रदेशाच्या अश्वपतीने अठरा वर्षे आराधना केली ती पुत्रांसाठी. देवी प्रसन्न झाली आणि म्हणाली की, तुला तेजस्वी कन्या होईल. यावर उत्तर करू नकोस. राजाने उत्तर केले नाही. ती कन्या सावित्री. तिने पतीचे प्राण तर परत मिळविलेच, पण यमाकडून आपल्या पित्यासाठी शंभर पुत्रही मागून घेतले. राजा ययातीला पाच पुत्र होते. वार्धक्य घेण्याची वेळ आली तेव्हा चौघांनी नकार दिला. पुढे पुण्य क्षीण होऊन तो स्वर्गातून खाली पडू लागला, तेव्हा त्याला सावरले ते कन्या माधवीच्या पुत्रांनी. आणि शंभर पुत्रांच्या पित्याचे काय झाले? युद्ध संपल्यावर गंगेच्या तीरावर धृतराष्ट्राने आपल्या मृत पुत्रांना जलांजली दिली. पुत्रांनी पित्याला द्यावयाची ती पित्याने पुत्रांना दिली. पुढे वनातील अग्नीत त्याचा आणि गांधारीचा अंत झाला, त्या वेळी पाणी देणाऱ्यांत अग्रभागी होता युयुत्सू, जो कोणत्याही कुंभातून आलेला नव्हता, आणि त्याच्यामागे पांडुपुत्र. ‘माझे शंभर’ म्हणून ज्यांची मोजणी झाली होती, त्यांतील एकही त्या तीरावर नव्हता.

पिंडलोपाची भीती गीतेतही आहे. पण ती कोणाच्या मुखी आहे ते पाहावे. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो की, कुळ नष्ट झाले तर पितर पिंडोदकावाचून पतित होतील. तो मोहग्रस्त असतानाचे हे बोलणे आहे. भगवंतांनी पुढील सतरा अध्यायांत त्याच्या अनेक शंकांना उत्तरे दिली. पिंडाच्या या शंकेकडे ते वळलेसुद्धा नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा. मात्र जी चिंता भगवंतांना उत्तरास योग्य वाटली नाही, तिच्यासाठी एका निरोगी भ्रूणाला नाकारावे, हे गीतापाठ करणाऱ्या घराला शोभत नाही. आजही अनेक घरांत मुली पित्याला अग्नी देतात, आणि ते पाहणाऱ्यांना त्यात काही उणे वाटत नाही.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे: दोन मुली आहेत, आता एक मुलगा, म्हणजे कुटुंबाचा तोल राहील. हे ऐकावयास सौम्य वाटते. पण कोणाच्या घरी दोन मुलगे असून तिसऱ्या वेळी खर्च करून मुलगीच निवडण्यासाठी धावपळ चालली आहे, असे किती ठिकाणी दिसते? तराजू नेहमी एकाच बाजूला झुकत असेल तर त्याला तोल म्हणू नये. लहानमोठ्या अशा असंख्य ‘तोलां’ची बेरीज जनगणनेत दिसते. सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे १९९१ साली भारतात ९४५ मुली होत्या. २००१ साली ९२७. आणि २०११ साली ९२० पेक्षाही कमी. २००१ साली पंजाबात हा आकडा आठशेच्याही खाली गेला होता. यातील बहुतेक मुली काचपात्रात नव्हे, तर सोनोग्राफीनंतर गर्भातच नाहीशा झाल्या, हे खरे. पण मनातील हिशेब दोन्हीकडे तोच आहे. फक्त हात अधिक स्वच्छ दिसतात.

त्याचे फळही दिसू लागले आहे. हरियाणातील अनेक गावांत तरुणांना वधू मिळत नाहीत, म्हणून बंगाल, आसाम, ओडिशा, बिहार येथील गरीब घरांतून मुली पैसे देऊन आणल्या जातात. गावात त्यांना ‘मोलकी’ म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. ज्या घराने स्वतःची मुलगी फुकटसुद्धा घेतली नाही, ते घर दुसऱ्याची मुलगी विकत घेते, आणि ती बिचारी आयुष्यभर त्या नावाने ओळखली जाते.

कायद्याविषयी दोन शब्द. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगतपासणीविरुद्ध पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. २००३ सालच्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात निषिद्ध ठरली. तुरुंगवास आणि दंड या शिक्षा त्यात आहेतच. पण त्यातील एक कलम धर्मदृष्टीनेही मनन करण्याजोगे आहे. एखाद्या गर्भवतीची अशी तपासणी झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत कायदा असे गृहीत धरतो की, तिला पतीने किंवा आप्तांनी भाग पाडले. कायदा करणाऱ्यांनी घरे पाहिली होती. मुलगा देणारे गुणसूत्र पित्याकडून येते, मातेकडून येतच नाही, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तरी मुली झाल्याचा ठपका सुनेवर बसतो. म्हणून घरात हा विषय निघेल तेव्हा प्रथम बोलावयाचे ते पुरुषाने. पत्नीच्या पाठीशी उभे राहून आईला, वडीलधाऱ्यांना, नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत ‘हे आपल्या घरात होणार नाही’ असे सांगणे, हा त्याचा त्या प्रसंगीचा स्वधर्म होय. ‘आईची फार इच्छा आहे हो,’ असे म्हणून बाजूला होणारा पती अर्जुनासारखा विषादात नाही. त्याला फक्त कष्ट नको आहेत.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अन्याय केवळ नाकारलेल्या मुलीवर होत नाही. निवडलेल्या मुलावरही होतो. जे मूल ईश्वराच्या हातून आले, ते जसे असेल तसे आपले असते. हुशार निघाले तरी आपले, मंद निघाले तरी आपले. पण जे तपासून, पारखून, परदेशाची वारी करून आणले, त्याच्याकडे पिता पुन्हा पुन्हा हिशेबाच्या डोळ्यांनी पाहतो. याने दुकान सांभाळले पाहिजे. याने म्हातारपणी पोसले पाहिजे. एवढे केले ते कशासाठी? फळावर जो आसक्त झाला त्याला भगवंतांनी कृपण म्हटले आहे. कृपणाच्या घरी जन्म घेणे हे त्या बाळाचेही दैव आहे. आणि त्याच्या दोन बहिणी मोठ्या होऊन एके दिवशी समजतील की, आपल्यासारखी आणखी कोणी काचेच्या बशीत होती आणि ती आपल्यासारखी होती म्हणूनच तिला घरी आणले नाही. कानपुरच्या त्या पित्याने त्या रात्री पाण्याचा पेला का उचलला, हे त्यांना तेव्हा कळेल.

गांधारीच्या एकशे एकाव्या भागाचे पुढे काय झाले, तेही व्यासांनी लिहून ठेविले आहे. दुःशलेचे शंभर भाऊ कुरुक्षेत्रावर पडले; पती जयद्रथ अर्जुनाच्या बाणाने गेला. काही काळाने युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा सिंधुदेशात शिरला, आणि अर्जुन त्याच्या रक्षणासाठी मागून आला. त्याच्या येण्याची वार्ता ऐकताच दुःशलेचा पुत्र सुरथ प्राणास मुकला. सैंधव वीर जुन्या वैराने पेटून लढू लागले, रण माजले. तेव्हा दुःशला आपल्या तान्ह्या नातवाला कडेवर घेऊन, रथात बसून, रडत रणभूमीवर आली. तिला पाहताच अर्जुनाने धनुष्य टाकले. त्याने तिला जवळ घेतले, तिचे सांत्वन केले आणि घरी पोहोचविले. ते युद्ध तेथेच थांबले.